वारं गेलं, पण किती वाजता?

पक्षाघाताचा पेशंट कॅज्युअल्टीत आला की डॉक्टर नातेवाइकांना आधी विचारतात, ‘शेवटचे धडधाकट कधी दिसले होते?’ कोकणातल्या कितीतरी घरांत या प्रश्नाला उत्तर नसतं. मुलगा-सून मुंबईला, घरात म्हातारा-म्हातारी, कधी नुसती म्हातारीच. सकाळी शेजारीण डोकावते तेव्हा ती पडवीत पडलेली, तोंड वाकडं, बोलणं बोबडं. अंगावरून वारं पहाटे गेलं की रात्रीच, कोण सांगणार?

आणि सगळा उपचार त्या वेळेवर टांगलेला. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठी रक्तवाहिनी तुंबली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला. नेमकी वेळ माहीत नसेल तर पेशंट शेवटचा बरा दिसला तिथून घड्याळ मोजतात. रात्री नऊला जेवून झोपलेली आजी सकाळी सातला सापडली की दहा तास धरले जातात आणि इंजेक्शन बहुधा हुकतं. मोठ्या हॉस्पिटलांत खास स्कॅन करून अशाही काही पेशंटना वाचवता येतं, पण तो स्कॅन तालुक्याला कुठला?

इथे साधा मोबाइल कामाला येतो, तोही कुठलं अ‍ॅप न टाकता. आजीच्या फोनचा कॉल लॉग बघा. पहाटे सव्वापाचला तिने मुंबईच्या लेकीला फोन केला असेल आणि लेक म्हणत असेल, ‘चांगली बोलत होती की!’, तर त्या दहा तासांचे पावणेदोन तास होतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला व्हॉइस मेसेजही तितकाच उपयोगी. म्हणून पेशंटबरोबर त्याचा फोनही अ‍ॅम्ब्युलन्समध्ये जायला हवा; तो सहसा चार्जिंगला लावलेला घरीच राहतो.

चाकरमान्यांचा रोजचा व्हिडिओ कॉल हीसुद्धा एक तपासणीच होऊ शकते. बोलणं अडखळतंय असं वाटलं तर सांगायचं, ‘आये, वायच हास बघया. आता दोनय हात वर कर.’ हसताना तोंडाची एक बाजू हलली नाही, एक हात आपोआप खाली आला, साधं वाक्य धड बोलता आलं नाही, तर यातलं एक लक्षणही पुरेसं आहे. त्याच क्षणी वाडीतल्या कोणाला तरी फोन आणि १०८. पाणीसुद्धा पाजायचं नाही, कारण गिळण्याचे स्नायू लुळे पडले असतील तर ते फुप्फुसात जातं.

त्याच फोनवर उलट दिशेने काय येतं, तेही सांगायला हवं. सुईने दहाही बोटं टोचून रक्त काढा, पेशंट बरा होतो, हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. पारव्याचं रक्त चोळण्याच्या जुन्या उपायाला निदान पारवा शोधावा तरी लागायचा. हे एका टिचकीसरशी पन्नास घरांत जातं. ‘लगेच अ‍ॅस्पिरिन द्या’ हा सल्ला वरवर शहाणा वाटतो, पण तो घरी पाळायचा नाही. पक्षाघात बहुतेक वेळा गुठळीने होतो हे खरं, पण कित्येकदा रक्तवाहिनी फुटलेली असते. दोन्हींची लक्षणं सारखी दिसतात, फरक कळतो तो सीटी स्कॅनवर. रक्तस्राव चालू असताना रक्त पातळ करणं म्हणजे आगीत तेल.

म्हणजे गाडी आधी न्यायची ती चोवीस तास सीटी चालणाऱ्या जवळच्या हॉस्पिटलात. आपल्याकडे मात्र सावंतवाडीकडचा पेशंट थेट गोव्यातल्या बांबोळीच्या हॉस्पिटलात आणि रत्नागिरीचा आंबा घाट चढून कोल्हापूरला नेण्याची रीत. पावसाळ्यात घाटात दरड आली की साडेचार तास रस्त्यावरच संपतात.

यावर उपाय म्हणून टेलिस्ट्रोक निघाला. न्यूरॉलॉजिस्ट शहरातच राहतो, जिल्ह्याच्या ठिकाणचा डॉक्टर त्याचे हात बनतो. वळणावळणाच्या रस्त्यांच्या हिमाचल प्रदेशात हे करून झालंय: जिल्हा रुग्णालयांनी सीटीचे फोटो स्मार्टफोनवरून पाठवले, तज्ज्ञांनी ते पाहून सांगितलं आणि इंजेक्शन तिथल्या तिथे दिलं गेलं. फोटोही नीट हवा. ट्यूबलाइटसमोर धरलेल्या फिल्मचा चमक आलेला फोटो कुचकामाचा. सीटीच्या स्क्रीनवर सगळ्या चकत्या एकेक करून सरकवत काढलेला व्हिडिओ चांगला.

मग तज्ज्ञ व्हिडिओवरून पेशंट तपासतो. हात दहा सेकंद उचलून धरा, पाय पाच सेकंद, वय किती, महिना कोणता. शून्य ते ४२ गुणांची ही परीक्षा आहे आणि जितके गुण जास्त तितका झटका मोठा. महिना विचारल्यावर आजी ‘श्रावण’ म्हणाली तर ते बरोबर की चूक, हे ठरवायला खाटेजवळ तिची भाषा जाणणारी सिस्टर लागतेच. सीटी वाचायला आता सॉफ्टवेअरही आलंय. मुंबईच्या क्युअर डॉट एआय कंपनीने सुमारे ३ लाख स्कॅन वापरून असा प्रोग्राम घडवला आणि २०१८ साली त्याचे निकाल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. रक्तस्राव दिसला की तो लगेच इशारा देतो. इंजेक्शनचा निर्णय अर्थात माणसाचाच.

घरी परतल्यानंतरचं काम मात्र फोनला तितकंसं जमलेलं नाही. ‘स्प्रिंट इंडिया’ या चाचणीत देशभरातल्या ३१ केंद्रांवरच्या ४,२९८ पेशंटपैकी निम्म्यांना वर्षभर एसएमएस, व्हिडिओ आणि पुस्तिका दिल्या, त्याही १२ भाषांत. गोळ्या घेण्याची शिस्त सुधारली, पण पुन्हा झटका येणं, हृदयविकार किंवा मृत्यू यांत फरक पडला नाही. मला यात नवल वाटत नाही. उपदेश ऐकून कोणी सुका बांगडा सोडल्याचं निदान आमच्याकडे तरी पाहण्यात नाही.

पक्षाघाताचं सगळ्यात मोठं कारण रक्तदाब, आणि तिथे पेशंटकडून डॉक्टरकडे जाणारा मेसेज उपयोगी पडलाय. ब्रिटनमधल्या एका चाचणीत लोकांनी घरी बीपी मोजून आकडे मोबाइलवरून कळवले आणि डॉक्टरांनी त्यावरून औषध बदललं. वर्षाअखेरीस त्यांचा वरचा आकडा नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा सरासरी ४.७ ने कमी निघाला. पक्षाघाताचं आणखी एक कारण म्हणजे हृदयाचे अनियमित ठोके; ते सांगणारी महागडी घड्याळं आहेत, ज्यांना परवडतं त्यांनी जरूर घ्यावीत. वाडीत आधी दंडाला बांधायचं चांगलं बीपी मशीन हवं. सकाळी पाच मिनिटं शांत बसून दोनदा मोजायचं आणि स्क्रीनचा फोटो पाठवायचा. फक्त पलीकडे तो बघून गोळी बदलणारं कोणीतरी हवं, नाहीतर आकडे ‘गुड मॉर्निंग’च्या फुलांखाली गडप व्हायचे.