सगळ्यात मोठं मशरूम निवडून जात सुधारत नाही

बटन मशरूमच्या नव्या जाती कशा काढतात असं विचारलं की बरेच जण म्हणतात, त्यात काय, बेडवरचं सगळ्यात मोठं मशरूम उचला, त्याचे स्पोर (म्हणजे बुरशीचं जणू बी) घ्या, पुढची पिढी मोठी. ऐकायला पटतं पण दोन्ही पायऱ्या चुकतात.

पहिलं म्हणजे एका बेडवरची सगळी मशरूम सहसा एकच जीव असतात. खरा जीव खाली कंपोस्टमध्ये पसरलेलं धाग्यांचं जाळं, मायसेलियम, आणि वरचं मशरूम म्हणजे फक्त त्याचं फळ. एकाच झाडावरचं मोठं फळ आणि छोटं फळ यांचे जीन्स वेगळे नसतात, तसंच. त्यामुळे एका ट्रेमधली दोनशे मशरूम मोजून "आमचं सँपल दोनशेचं" म्हणायचं नाही, जातीच्या तुलनेसाठी ते एकच सँपल आहे! दोनशेचं काम करायचं तर त्याच जातीचे वेगवेगळे ट्रे, खोलीत वेगवेगळ्या जागी, आणि जमलं तर वेगवेगळ्या बॅचमध्ये लावावे लागतात.

आता मोजायचं कधी? इथे खरी मजा आहे. पोषक वातावरणात मशरूम साधारण २४ तासांत दुप्पट होतं. आकारमान दुप्पट म्हणजे व्यास दुप्पट नाही हं, तो वाढतो दोनच्या घनमुळाइतका, १.२६ पट. म्हणजे तासाला अंदाजे १ टक्का. सकाळी एका जातीची टोपी ४० मिलिमीटर भरली आणि दुसरी जात संध्याकाळी, आठ तासांनी मोजली, तर ती जीन्समध्ये काहीही फरक नसताना ४३ दिसणार, आणि तुम्ही खुशाल पेपर लिहायला बसणार. म्हणून घड्याळ न बघता अवस्था बघायची, टोपीखालचा पडदा फाटायच्या जरा आधी मोजायचं, किंवा वरून कॅमेरा लावून दर तासाला फोटो घ्यायचे आणि वाढीचा अख्खा वक्रच एकमेकांशी ताडून बघायचा. कॅमेऱ्यातही शेजारची टोपी अर्धी झाकलेली असते, मग दिसणाऱ्या कडेवरून वर्तुळ बसवावं लागतं. "एआयने मशरूम क्रांती" वगैरे मथळ्यांत जे असतं ते बहुतेक वेळा हेच वर्तुळ बसवणं.

तिसरी गोची गर्दीची. पिन, म्हणजे मशरूमचे अगदी सुरुवातीचे कोंब, कमी फुटल्या की प्रत्येकीला अन्नपाणी जास्त, म्हणून मशरूम मोठी. मग ती जात मोठ्या मशरूमची की फक्त कमी पिनांची? त्यामुळे चौरस मीटरमागे किती आली तेही मोजून आकारातला गर्दीचा वाटा वजा करतात, उरलेल्या फरकातला ट्रे-ट्रेमधला भाग वेगळा काढतात आणि मग जे जाती-जातींमध्ये राहतं त्याचं एकूण फरकाशी प्रमाण, तीच हेरिटॅबिलिटी, म्हणजे आकारातल्या फरकाचा जीन्समुळे येणारा वाटा. (हे वाक्य दोनदा वाचलं तरी चालेल.)

आणि स्पोरचं म्हणाल तर अजून गंमत. बहुतेक मशरूमांत एका पेशीवर चार स्पोर येतात, बटन मशरूममध्ये साधारण दोनच, आणि प्रत्येकात दोन-दोन केंद्रकं. असा स्पोर स्वतःच पुरेसा असतो, जोडीदार लागत नाही, पोर बरचसं आईसारखंच निघतं. निवड करायला नवीन फारसं काही मिळत नाही. क्रॉस करायचा तर एकाच केंद्रकाचा दुर्मिळ स्पोर शोधावा लागतो, जो सहसा हळू वाढतो. ही कटकट निस्तरून नेदरलँड्समध्ये हॉर्स्ट इथे १९८०च्या सुमारास यू-१ हा संकर आला, आणि आजच्या बऱ्याचशा पांढऱ्या व्यापारी जाती त्याच्याच जवळच्या नात्यातल्या आहेत. त्यामुळे नव्या जातींमधला आकाराचा खरा फरक बऱ्याचदा एवढासाच असतो, आठ तासांच्या वाढीत सहज बुडून जाईल इतका.