किती लागतं आणि काय लागतं

"मॅडम, आता वय झालं, आम्हाला लागतं तरी किती?" हे वाक्य मी आठवड्यातून चार-पाच वेळा ऐकते. दुसरं तितकंच ठरलेलं: "ती आता दोन जिवांची, दुप्पट खायला नको?" बोलणारी माणसं वेगळी, घोटाळा एकच. किती लागतं आणि काय लागतं हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत, आणि लोक पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवतात.

"किती" म्हणजे ऊर्जा, म्हणजे कॅलरी. त्याबद्दल इथे फार लिहीत नाही, ते सगळ्यांना पाठ असतं. खर्चापेक्षा जास्त खाल्लं की वजन वाढतं, कमी खाल्लं की उतरतं. कर्बोदकं आणि प्रथिनं ग्रॅमला ४ कॅलरी, स्निग्ध पदार्थ ९. बास.

"काय" म्हणजे प्रथिनं, लोह, कॅल्शियम, आयोडीन, फोलेट (हे एक ब जीवनसत्त्वच), बी-१२, ड जीवनसत्त्व आणि असे बरेच. यात प्रथिनं सोडली तर कशातही कॅलरी नसते. म्हणून "व्हिटॅमिनच्या गोळ्यांनी मी जाडी होईन का?" याचं उत्तर "नाही" असं आहे, आणि "जेवण होत नाही, गोळीवर भागेल का?" याचंही "नाही"च.

या घोटाळ्याला आपली भाषाही हातभार लावते. "अशक्तपणा" या एकाच शब्दात उपाशीपोटी येणारी गरगर बसते आणि लोह कमी पडल्यामुळे जिना चढताना लागणारी धापही बसते. मग दोन्हींवर उपाय एकच: ग्लुकोजचं पाणी. माझा सगळ्यात जुना राग या पाण्यावर आहे. ग्लुकोज ही साखर आहे. हिमोग्लोबिन ८ वर आलेल्या बाईला ते पाजणं म्हणजे चाक पंक्चर झालेल्या गाडीत पेट्रोल भरणं. शिवाय ते प्यायल्यावर घटकाभर बरं वाटतं, त्यामुळे रक्त तपासायचं आणखी दोन महिने राहून जातं.

तर खरी मेख अशी. आपण मनात धरून चालतो की "काय" हे "किती"च्या मागून येतं. जास्त खाणाऱ्याला सगळंच जास्त लागत असेल, कमी खाणाऱ्याला सगळंच कमी. तसं नसतं. वय बदलतं तेव्हा या दोन गरजा आपापल्या वाटेने जातात, आणि काही वेळा चक्क उलट दिशांना. खालचे बहुतेक आकडे अमेरिका आणि कॅनडा वापरतात त्या तक्त्यांतले आहेत. इतर देशांचे तक्ते थोडे वेगळे असतात, विशेषतः लोहाचे, कारण जेवणातलं किती लोह अंगी लागतं याचे अंदाज वेगळे. माझ्या मुद्द्याला त्याने बाध येत नाही.

आठ महिन्यांचं बाळ घ्या. त्याला दिवसाला सुमारे ७०० कॅलरी लागतात. आईचं दूध चालू असेल तर त्यातल्या जेमतेम २०० कॅलरी वरच्या अन्नातून यायच्या असतात. त्याच्या शेजारी बसून जेवणाऱ्या बापाला लागतात २५०० च्या आसपास. आता लोह बघा. बापाला दिवसाला ८ मिलिग्रॅम. बाळाला ११.

चुकून उलटं लिहिलेलं नाही. बाळ जन्मतः लोहाची शिदोरी घेऊन येतं आणि ती सहाएक महिने पुरते. आईच्या दुधातलं लोह शोषलं चांगलं जातं, पण असतं फारच थोडं, लिटरला अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नाही. इकडे वर्षभरात वजन जन्माच्या तिप्पट होतं आणि त्या हिशेबाने रक्तही वाढवावं लागतं. बापाचं रक्त तेवढंच राहणार असतं, त्याला फक्त रोजची झीज भरायची असते. दर १००० कॅलरीमागे मांडून पाहिलं तर बापाच्या जेवणात ३ मिलिग्रॅम लोह असलं तरी चालतं, बाळाच्या खाण्यात मात्र १६ लागतं. म्हणजे त्या इवल्या वाटीतला घास बापाच्या घासापेक्षा पाचपट कसदार हवा. आणि आपण त्या वाटीत काय घालतो? कशाचं तरी उकळून गाळलेलं पाणी. "पचायला हलकं." हलकं असतंच, कारण त्यात काही नसतं.

गुटगुटीत बाळांच्या आया इथे निर्धास्त असतात. गुटगुटीतपणा "किती" भागल्याची पावती आहे, "काय"ची नव्हे. वर्ष उलटलेलं मूल दिवसभर गाईचं दूध पीत असेल तर त्याचं पोट भरतं, वजनही वाढतं. पण त्या दुधात लोह नगण्य, त्यातलं कॅल्शियम इतर अन्नातल्या लोहाच्या आड येतं, आणि भरल्या पोटी ते दुसरं काही खात नाही. गालांवर बाळसं आणि पापणीच्या आत फिकटपणा (रक्त कमी असल्याची खूण), हे एकाच बाळात दिसू शकतं.

तक्ता वाचतानाची एक चूक इथेच सांगून टाकते, कारण ती शिकलेली माणसंही करतात. ऊर्जेचा आकडा सरासरी असतो. त्या वयाच्या, त्या अंगकाठीच्या निम्म्या लोकांना त्याहून कमी लागतं, निम्म्यांना जास्त. लोह, फोलेट वगैरेंचा आकडा मात्र मुद्दाम वर ठेवलेला असतो, ९७-९८ टक्के निरोगी लोकांना पुरेल इतका. त्यामुळे ८ च्या जागी एखाद्या दिवशी ७ मिलिग्रॅम लोह पोटात गेलं म्हणून काही बिघडत नाही. पण ज्याची गरज १७०० कॅलरींची आहे, त्याने "तक्त्यात २००० लिहिलंय" म्हणून रोज तेवढं संपवलं तर वर्षभरात कपडे बदलावे लागतात.

आता दोन जिवांचं प्रकरण. पहिल्या तीन महिन्यांत वाढीव ऊर्जा जवळजवळ शून्य लागते. मधल्या तीन महिन्यांत रोज ३४०, शेवटच्या तीन महिन्यांत ४५० कॅलरी. २००० वर भागणाऱ्या बाईला म्हणजे शेवटी शेवटी पावपटीहूनही कमी भर. दुप्पट कुठेच नाही. लोह मात्र १८ वरून २७ मिलिग्रॅम, फोलेट ४०० वरून ६०० मायक्रोग्रॅम, म्हणजे दोन्ही दीडपट. आयोडीनही १५० वरून २२०. आणि ज्याच्या नावाने सगळे घसा कोरडा करतात ते कॅल्शियम? होतं तेवढंच, १००० मिलिग्रॅम. त्या काळात आतडंच कॅल्शियम जवळपास दुप्पट शोषू लागतं. (आधीपासूनच ते कमी खाणाऱ्या बाईला हे लागू नाही. तिला आधीचीच उधारी फेडायची असते.)

फोलेटची वेळ तर सगळ्यात चकवा देणारी. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात ती नीट मिटायला फोलेट लागतं, आणि ती गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आत मिटते. तोवर पुष्कळ जणींची चाचणीही झालेली नसते. एक घासही जास्त नको असतो तेव्हाच फोलेट सगळ्यात मोलाचं असतं. म्हणून रोजची ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची (गोळीतल्या फोलेटचं हे नाव) गोळी दिवस राहण्याआधीपासून घ्यायची असते, डोहाळे लागल्यावर नाही.

बाळंतपणानंतर पारडी पुन्हा फिरतात. दूध बनवायला रोज सुमारे ५०० कॅलरी खर्च होतात, त्यातल्या काही अंगावरच्या चरबीतून निघतात. एकूण भूक गरोदरपणापेक्षा मोठी. पण लोहाची गरज २७ वरून थेट ९ वर उतरते, कारण अंगावर पाजताना बहुधा पाळी थांबलेली असते. आयोडीन आणखी चढतं, २९० पर्यंत. एकाच बाईच्या शरीरात, त्याच महिन्यात, दोन आकडे वर आणि एक खाली. जिने खरंच जास्त खायला हवं ती ही, आणि नेमकी तिलाच लोक पोट कधी उतरणार म्हणून विचारतात.

मधली वर्षं भराभर. पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या ऊर्जेतला सुमारे ३५ टक्के भाग वाढीवर जातो, वर्षाच्या सुमारास ५ टक्के, आणि पुढे किशोरवयापर्यंत एक-दोन टक्केच. तेव्हा चार वर्षांच्या मुलामागे घास घेऊन धावताना "वाढीचं वय" ही सबब पुढे करू नका. नऊ ते अठरा या वयात दोन्ही गरजा एकदम उसळतात. तिथे घोटाळा होत नाही, कारण ती पोरं स्वतःच फ्रीज रिकामा करतात. फक्त कॅल्शियम १३०० मिलिग्रॅम, म्हणजे आयुष्यातलं सर्वाधिक, हे लक्षात असू द्या. आणि "चाळिशीनंतर मेटाबॉलिझम मंदावतो" म्हणणाऱ्यांसाठी: २०२१ साली 'सायन्स' या शोधपत्रिकेत ६,४०० हून अधिक माणसांची मोजमापं प्रसिद्ध झाली. शरीराच्या आकाराचा हिशेब केल्यावर विशी ते साठी ऊर्जेचा खर्च स्थिर निघाला. उतार साठीनंतर लागतो, वर्षाला सुमारे ०.७ टक्के.

आणि तिथेच माझी मावशी बसलेली असते, वय ७६, वजन ५० किलो. रात्रीचं जेवण म्हणजे चहा आणि दोन बिस्किटं. "पोट भरलं गं, मला आता लागतं तरी किती?" कॅलरींपुरती ती खोटी बोलत नाही. पण तरुणपणी १००० मिलिग्रॅम कॅल्शियमवर भागायचं तिथे आता १२०० हवं. ड जीवनसत्त्व १५ च्या जागी २० मायक्रोग्रॅम. प्रथिनांचा अधिकृत आकडा किलोमागे ०.८ ग्रॅमच आहे, पण २०१३ मध्ये वृद्धांच्या आहारावर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या गटाने पासष्टीनंतर १ ते १.२ सुचवला, आणि मी त्यांच्या बाजूची आहे. स्नायू झडतात, आणि झडल्याचं कळतं ते खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात तेव्हा. मावशीला त्या हिशेबाने ५० ते ६० ग्रॅम प्रथिनं लागतात. तिच्या रात्रीच्या "जेवणात" चहातलं दूध धरूनही तीनेक ग्रॅम भरतात. बी-१२ चा आकडा वयाने बदलत नाही, २.४ मायक्रोग्रॅमच राहतो. पण जठरातलं आम्ल कमी झालं की अन्नात बांधलेलं बी-१२ सुटतच नाही, म्हणून पन्नाशीनंतर ते गोळीतून किंवा मुद्दाम भर घातलेल्या अन्नातून घ्यावं असा सल्ला असतो. खाणं कमी, आणि प्रत्येक घासावरचा भार मात्र वाढलेला. आठ महिन्यांच्या बाळाचीच गोष्ट, फक्त दुसऱ्या टोकाला.

लोह तेवढं अपवाद. पाळी गेली की गरज १८ वरून ८ वर येते. मावशीच्या औषधांच्या डब्यात मला लोहाच्या गोळ्यांची पट्टी सापडली. कुणी तरी कधी तरी अशक्तपणासाठी दिलेली, ती आपली स्वतःहून पुन्हापुन्हा आणत होती. या वयात हिमोग्लोबिन खरंच कमी असेल तर पोटात-आतड्यात कुठे रक्त जातंय का, हे आधी पाहायचं असतं. गोळ्यांनी ते फक्त झाकलं जातं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. लोह पुरेसं होतं, बी-१२ तळाला गेलं होतं. चहा अजून चालू आहे. बिस्किटांच्या जागी उकडलेलं अंडं आलंय, आणि ते चहात बुडवता येत नाही ही तिची तक्रार आहे.