अपस्माराचा धडा वर्गापर्यंत कसा आला

वर्गात कुणाला अपस्माराची फिट आली की पहिली हाक उठते ती हुंगवायच्या कांद्यासाठी. कांदा नसेल तर चप्पल, नाहीतर किल्ल्यांचा जुडगा. मेंदूत अचानक उसळलेल्या विद्युतलहरींवर यातल्या कशाचाही परिणाम होत नाही. तरी समजूत टिकली, कारण बहुतेक झटके एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात आणि कांदा शोधून, फोडून आणेपर्यंत तेवढाच वेळ जातो. श्रेय मिळतं कांद्याला. म्हणून मुलांना हा विषय घड्याळापासून शिकवावा. नुसतं 'अंधश्रद्धा' म्हणून सोडलं, तर घरी आजीने विचारल्यावर मुलाकडे उत्तर नसतं.

आपल्याकडे याला आजार मानण्याची परंपरा जुनीच आहे. चरकसंहितेत अपस्मारावर स्वतंत्र अध्याय आहेत. शब्दाचा अर्थच स्मृती जाणं. रुग्णाला पाणी, आग, झाड आणि डोंगर यांपासून जपावं, ही तिथली सूचना आजही जशीच्या तशी लागू पडते. पण घरोघरी त्याचं 'फेफरं' आणि 'बाहेरची बाधा' झालं. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं, चपला भिजवलेलं पाणी पाजणं हा महाराष्ट्रात 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. सगळीच मुलं शाळेत यायची, म्हणजे झटके येणारं मूलही चारचौघांत बसणार, हे ओघाने आलंच. औषधं तेव्हा नुकती कुठे सुधारत होती. 1857पासून ब्रोमाइड, 1912मध्ये फिनोबार्बिटल, 1938मध्ये फेनिटॉइन. झटके आवरले, पण फिनोबार्बिटलने काही मुलं सुस्त होतात, तर काही चंचल. फेनिटॉइनने हिरड्या वाढतात. 'हुशार होता, आता लक्षच नाही' अशी तक्रार असेल तर आधी गोळी बदलली का, ते विचारावं. मात्र गोळी मनाने एकदम बंद केली की झटके उसळून येतात.

पालक शाळेला सांगत नाहीत, यामागे लग्नाची भीती असते आणि ती निराधार नव्हती. 1976च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारे अपस्माराचे झटके विवाहाला अडसर ठरले. तो उल्लेख 1999मध्ये काढला गेला. कायदा बदलला हे अजून कित्येक घरांत पोहोचलेलं नाही. मुलीच्या आईला बाईंनी ते आवर्जून सांगावं.

सीटी स्कॅन आल्यावर भारतीय मुलांच्या मेंदूत एकच छोटी गाठ वारंवार दिसू लागली. ती क्षयाची समजली जाई. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या अभ्यासाने दाखवलं, की त्यातल्या बऱ्याच गाठी डुकरातून पसरणाऱ्या फीतकृमीच्या अळीच्या असतात. या कृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून पाण्यात, न धुतलेल्या भाजीत जातात, त्यामुळे शाकाहारी मुलालाही हा त्रास होतो. हात धुण्याचा धडा इथे अपस्माराच्या धड्याला येऊन मिळतो.

झटका पाच मिनिटांत थांबला नाही तर लगेच उपचार, हा नियम तुलनेने नवा. पूर्वी तीस मिनिटं न थांबणाऱ्या झटक्याला धोक्याचा मानत. पाच मिनिटांपुढे गेलेला मोठा झटका सहसा आपोआप थांबत नाही, हे कळल्यावर 2015मध्ये अपस्मारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने उपचार सुरू करण्याची मर्यादा तिथे आणली. वर्गात याचा सराव करून घ्यावा: एकाने घड्याळ पाहायचं, दुसऱ्याने बाक सरकवायचे, तिसऱ्याने डोक्याखाली दप्तर नको, घडी केलेला स्वेटर द्यायचा. मग मुलाला कुशीवर वळवायचं, म्हणजे लाळ बाहेर पडते. हातपाय दाबून धरू नयेत, खांदा निखळतो. तोंडात चमचा घालू नये. जीभ गिळली जात नाही, दात मात्र तुटतो आणि तुकडा श्वासनलिकेत जातो. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी नाही. पाच मिनिटं झाली, किंवा शुद्धीवर न येताच पुन्हा झटका आला, तर 108 नंबरवर रुग्णवाहिका बोलवायची. डॉक्टरांनी झटका थांबवणाऱ्या मिडाझोलाम या औषधाचा नाकातला फवारा लिहून दिला असेल, तर मात्रेची चिठ्ठी बाटलीसोबतच ठेवावी.

धड्यात हमखास राहून जातो तो मूल खाली न पाडणारा झटका. मूल पाच-दहा सेकंद शून्यात पाहतं, पापण्या फडफडतात, वाक्य अर्धं राहतं. दिवसात असं कितीतरी वेळा. शिक्षक त्याला 'लक्ष नसतं' म्हणतात. 2013पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात झटक्यांची तपासणी आहे, पण तपासणीचं पथक शाळेत येईल त्याच दिवशी मूल असं थबकेल असं नाही. वहीत तारीख, वेळ आणि किती सेकंद, एवढं लिहिलेलं असेल तर डॉक्टरांचं अर्धं काम झालं.

आणि पाणी. कोल्हापूरच्या मुलाला विहीर, रंकाळा, पंचगंगा यांपासून कायमचं तोडणं मला पटत नाही, तसं ते जमतही नाही. झटके आटोक्यात असतील आणि डॉक्टरांची परवानगी असेल, तर तरणतलावात पोहावं. शेजारी हाताच्या अंतरावर आजाराची माहिती असलेला, पट्टीचा पोहणारा मोठा माणूस हवा. विहिरीत उडी नाही. फुटबॉल खेळावा. गणपतीचे देखावे पाहायला रात्रभर जागरण मात्र नको, कारण झोप मोडली की दुसऱ्या दिवशी सकाळी झटका येण्याची शक्यता वाढते. देखावे संध्याकाळी लवकर पाहून रात्रीची गोळी वेळेवर घ्यावी.