लस टोचणाऱ्या हातांचा गौरव: लष्करातल्या उशिराच्या दखलेची पार्श्वभूमी

लष्करात लस टोचणाऱ्या वैद्यकीय कर्मचाऱ्यांच्या कामाची दखल बहुधा उशिराच घेतली गेली. याला एक अपवाद आहे. 24 डिसेंबर 1942 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी एका आदेशावर सही केली. त्या आदेशाने टायफस आयोग स्थापन झाला, आणि त्यातच एका पदकाचीही तरतूद होती. उवांमधून पसरणारा टायफसचा ताप रोखण्याच्या कामात ज्यांनी मोठी कामगिरी केली, त्यांना ते द्यायचे होते. पुढच्याच हिवाळ्यात इटलीतल्या नेपल्समध्ये साथ भडकली, तेव्हा रॉकफेलर फाउंडेशनच्या आणि या आयोगाच्या पथकांनी लोकांच्या कपड्यांत डीडीटी या कीटकनाशकाची पूड मारून ती आटोक्यात आणली. अमेरिकी सैनिकांना लस आधीच टोचलेली होती. साऱ्या युद्धात त्यांच्यातला एकही टायफसने दगावला नाही.

युद्ध ऐन भरात असताना एका रोगाविरुद्धच्या कामासाठी वेगळे पदक निघावे, ही विरळा गोष्ट. लष्करात मान मिळतो तो बहुधा काहीतरी घडले म्हणून. गोळीबारातून जखमीला ओढून आणले, तर त्याला साक्षीदार असतो, तारीख असते, ठिकाण असते. लस टोचणाऱ्याच्या कामाचे फळ म्हणजे काहीच न घडणे. छावणीत साथ आली नाही, तुकडी वेळेवर निघाली, कोणी आजारी पडले नाही. शिफारसपत्रात लिहायचे काय, इथूनच अडचण सुरू होते. लष्करी वैद्यकीय कर्मचाऱ्यांचा लसीकरणासाठी गौरव व्हायला इतका उशीर का झाला, याचे मोठे कारण मला हेच वाटते.

काम मात्र फार जुने आहे. 6 फेब्रुवारी 1777 रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, सरसेनापती जॉर्ज वॉशिंग्टन यांनी डॉ. विल्यम शिपेन यांना पत्र लिहून सैन्याला देवीची टोचणी द्यायला सांगितले. तेव्हा एडवर्ड जेनर यांची देवीची लस अजून यायची होती. देवीच्या रोग्याच्या फोडातला द्रव निरोगी माणसाच्या कातडीला चीर देऊन आत घालायचा, सौम्य आजार येऊ द्यायचा आणि तो बरा होईपर्यंत सांभाळायचे. सैनिक आठवडे न आठवडे अंथरुणावर असणार, आणि शत्रूला याचा सुगावा लागला तर घात. म्हणून हे सगळे गुपचूप चालले. वॉशिंग्टनचा निर्णय इतिहासात गेला. त्या तापलेल्या माणसांच्या उशाशी बसणाऱ्यांची नावे कुठे राहिली नाहीत.

विसाव्या शतकाच्या तोंडाशी टायफॉइडने हाच प्रश्न पुन्हा उभा केला, आणि या इतिहासातला सगळ्यांत शिकण्यासारखा भाग इथेच आहे. ब्रिटिश डॉक्टर अल्मरोथ राइट यांनी इंग्लंडमधल्या नेटलीच्या लष्करी वैद्यकीय शाळेत टायफॉइडची लस तयार केली होती. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाला (1899-1902) निघालेल्या ब्रिटिश सैनिकांना ती ऐच्छिक होती. तीन लाख 28 हजारांवर माणसे गेली, त्यांतल्या पंधरा हजारांहूनही कमी जणांनी ती टोचून घेतली. परिणाम भयंकर झाला: सुमारे 58 हजार जणांना टायफॉइड झाला आणि आठ हजारांवर मेले.

तरीही लस उपयोगी आहे हे छातीठोकपणे सांगता येईना. का? तर नोंदी धड नव्हत्या. कोणाला टोचले, किती मात्रा दिल्या, पुढे तो आजारी पडला का, हे प्रत्येक पलटणीत वेगवेगळ्या रीतीने लिहिलेले, काही ठिकाणी लिहिलेलेच नाही. 1904 साली संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी हे आकडे तपासले आणि इतक्या विस्कळीत पुराव्यावर लस सरसकट देऊ नये, असे मत दिले. राइट संतापले. पण पिअर्सन यांचा आक्षेप लसीपेक्षा नोंदवहीवर होता, आणि तो खरा होता.

तोडगा निघाला तोही नोंदवहीतूनच. ब्रिटिश लष्करी डॉक्टर विल्यम लीशमन यांच्या देखरेखीखाली, या कामाचे शिक्षण घेतलेले वैद्यकीय अधिकारी परदेशी जाणाऱ्या पलटणींबरोबर पाठवले गेले. त्यांनी टोचलेल्या आणि न टोचलेल्या माणसांचा हिशेब वर्षानुवर्षे ठेवला, टायफॉइडचे निदान प्रयोगशाळेत पडताळले. त्यानंतर मात्र शंकेला जागा उरली नाही, आणि पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यातल्या बहुतेकांनी लस घेतली. राइट यांना 1906 मध्ये आणि लीशमन यांना 1909 मध्ये सर ही पदवी मिळाली. दोघेही त्या मानाला पात्रच होते. पण छावणीच्या तंबूत रोज रजिस्टर भरणाऱ्या त्या अधिकाऱ्यांशिवाय ही लस कपाटातच राहिली असती.

अमेरिकेने धडा स्वतःच्या रक्ताने घेतला. 1898 च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात देशातल्याच छावण्यांमध्ये टायफॉइडने वीस हजारांवर सैनिक आजारी पडले, दीड हजारांवर मेले. शत्रूच्या गोळ्यांनी इतके मेले नव्हते. फ्रेडरिक रसेल या लष्करी डॉक्टरांनी युरोपात जाऊन लस अभ्यासली, 1909 मध्ये स्वयंसेवकांना टोचायला सुरुवात केली, आणि 1911 मध्ये ती साऱ्या सैन्याला सक्तीची झाली. पहिल्या महायुद्धात चाळीस लाखांच्या सैन्यात टायफॉइडचे रोगी अवघे दीड हजाराच्या आसपास. स्वच्छ पाणी आणि शौचकुपांची शिस्त यांचाही त्यात वाटा होता. रसेल यांना 1935 मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे लोककल्याण पदक मिळाले. धनुर्वाताच्या लसीचा आकडा तर याहून बोलका आहे. दुसऱ्या महायुद्धात जखमा आणि इजांमुळे सत्तावीस लाखांवर अमेरिकी सैनिक रुग्णालयात आले. धनुर्वात झाला तो फक्त बारा जणांना.

गौरवाच्या गोष्टीत चुका लपवू नयेत. 1942 मध्ये अमेरिकी सैन्याला दिलेल्या पीतज्वराच्या लसीत मानवी रक्तद्रव वापरलेला होता आणि काही रक्तदात्यांना हिपॅटायटिस बी हा यकृताचा संसर्ग होता. सुमारे पन्नास हजार सैनिक काविळीने आजारी पडले. पुढे कित्येक वर्षांनी केलेल्या रक्ततपासण्यांवरून संसर्ग तीन लाखांवर लोकांना झाला असावा, असा अंदाज निघाला. दोष कुठे आहे हे शोधता आले, कारण कोणत्या तुकडीला कोणत्या बॅचची लस दिली हे लिहिलेले होते. सुईइतकेच पेनालाही मोल आहे, ते असे.

तीच दक्षता साठ वर्षांनी पुन्हा उपयोगी पडली. जैविक हल्ल्याच्या भीतीने डिसेंबर 2002 मध्ये अमेरिकी सैन्यात देवीची लस पुन्हा सुरू झाली. लस घेतल्यावर काही दिवसांनी छातीत दुखते म्हणून येणाऱ्या तरुण सैनिकांकडे लष्करी डॉक्टरांनी दुर्लक्ष केले नाही. पहिल्यांदाच लस घेणाऱ्या 2,30,734 जणांमध्ये हृदयाच्या स्नायूला सूज आल्याचे 18 रुग्ण त्यांनी नोंदवले आणि 2003 मध्ये ते जाहीरपणे प्रसिद्ध केले. आपणच दिलेल्या लसीचा दुष्परिणाम आपणच शोधून काढणे, हे मला पदकाच्या तोडीचे काम वाटते.

अँथ्रॅक्स हा जिवाणूंमुळे होणारा, जैविक हल्ल्यात वापरता येईल असा रोग. त्याच्या लसीने अमेरिकी सैन्यात वेगळीच कसोटी पाहिली. 1998 मध्ये ती सक्तीची झाली, काहींनी नकार देऊन शिक्षा भोगली, आणि ऑक्टोबर 2004 मध्ये न्यायालयाने सक्ती थांबवली. हुकूम वरून येतो, पण घाबरलेला, चिडलेला जवान उभा राहतो तो सुई हातात असलेल्या परिचारिकेसमोर किंवा वैद्यकीय सहायकासमोर. त्याच्या प्रश्नांना खरे उत्तर देणे हे याच लोकांच्या वाट्याला येते. 2001 मध्ये अमेरिकी सैन्याच्या वॉल्टर रीड रुग्णालयात लसीच्या दुष्परिणामांवर उपचार आणि सल्ला देणारे खास केंद्र निघाले. लस टोचून माणसाला पुढे ढकलले की काम संपले, ही समजूत तिथे बाजूला पडली.

कोविडच्या काळात ही माणसे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर सामान्य लोकांच्या नजरेस पडली. 2021 मध्ये कितीतरी देशांत नागरी लसीकरण केंद्रांवर लष्करी गणवेशातल्या परिचारिका आणि सहायक रांगा सांभाळत होते.

स्पेनने तर तेव्हा एक जुने ऋण फेडले. 1803 मध्ये फ्रान्सिस्को खाविएर दे बाल्मिस हे लष्करी शल्यचिकित्सक देवीची लस घेऊन अमेरिका खंडाकडे निघाले होते. लस जिवंत ठेवायला बर्फ नव्हता. बावीस अनाथ मुलांच्या दंडांवरून ती एकाकडून दुसऱ्याकडे नेत समुद्र ओलांडला. त्या मुलांना सांभाळणारी इसाबेल सेंदाल ही अनाथालयाची प्रमुख होती. जुन्या कागदपत्रांत तिचे नाव प्रत्येक ठिकाणी वेगळ्या तऱ्हेने लिहिलेले सापडते. मार्च 2020 मध्ये स्पॅनिश सैन्याच्या कोविडविरोधी मोहिमेला बाल्मिस यांचे नाव दिले गेले. त्याच वर्षी 1 डिसेंबरला माद्रिदमध्ये नवे रुग्णालय उघडले. त्याला सेंदालचे नाव दिले आहे, आणि त्या नावाआधी पाटीवर लिहिले आहे: परिचारिका.