सौरऊर्जेच्या नावाखाली झालेल्या सरकारी दौऱ्यांचा हिशोब कसा मागायचा? माहिती अधिकार अर्जाची प्रक्रिया

काही वर्षांपूर्वी ठाण्यातल्या एका सरकारी कार्यालयात मी पहिला माहिती अधिकाराचा अर्ज दिला. त्यात लिहिलं होतं, "सौर प्रकल्पाच्या पाहणीसाठी अधिकाऱ्यांनी दौरा का केला आणि त्याचा नागरिकांना काय फायदा झाला?" महिन्याने एका ओळीचं उत्तर आलं: सदर माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही. वाईट वाटलं, पण धडा मिळाला. या कायद्यात "का" विचारून काही हाती लागत नाही, कागदाचं नाव घेऊन कागद मागावा लागतो. कलम 2(च) प्रमाणे माहिती म्हणजे कार्यालयाच्या अभिलेखात, म्हणजे जपून ठेवलेल्या कागदपत्रांत, असलेली गोष्ट. नसलेली माहिती तयार करून द्यायची सक्ती नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही 2011 मध्ये सांगितलं आहे.

अर्ज कोण करू शकतं

भारताचा कोणताही नागरिक. सोसायटीच्या किंवा संस्थेच्या लेटरहेडवर न करता स्वतःच्या नावाने करा, कारण कलम 3 मध्ये हक्क नागरिकाला दिलेला आहे. माहिती कशासाठी हवी हे सांगायची गरज नाही. कलम 6(2) मध्ये ते स्पष्ट आहे. आवक खिडकीवर कोणी विचारलंच, तर शांतपणे या कलमाचा आकडा सांगा.

आधी कार्यालय ठरवा

महापालिकेच्या विद्युत विभागाचे लोक गेले असतील, तर अर्ज ठाण्यात पाचपाखाडीच्या मुख्यालयात किंवा नवी मुंबईत बेलापूरच्या मुख्यालयात, त्या विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या, म्हणजे अशा अर्जांना उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याच्या, नावे. महावितरणचा दौरा असेल तर त्यांच्या कार्यालयात. ठाणे आणि वाशी ही दोन्ही मंडळं भांडुप परिमंडलात येतात. अपारंपरिक ऊर्जेच्या राज्य योजना महाऊर्जा राबवते, तिचं मुख्यालय पुण्यात आहे. पत्ता चुकला तरी अर्ज वाया जात नाही. कलम 6(3) नुसार तो 5 दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

दिल्लीच्या मंत्रालयांचं वेगळं आहे. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेसाठी 75,021 कोटी रुपयांची तरतूद झाली, 1 कोटी घरांच्या छपरांवर पॅनेल बसवायचं ठरलं. एवढ्या मोठ्या कामासाठी कोण कुठे जातं, हे माहीत करून घेणं आपला हक्क आहे. केंद्राच्या कार्मिक विभागाने 11 सप्टेंबर 2012 च्या परिपत्रकात सांगितलं आहे की मंत्री आणि सहसचिव व त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यांच्या देशी-परदेशी दौऱ्यांची माहिती खात्यांनी आपणहून जाहीर करावी: दौऱ्याचं स्वरूप, ठिकाण, कालावधी, शिष्टमंडळात किती जण, एकूण खर्च. ही माहिती दर तिमाहीला अद्ययावत व्हायला हवी. म्हणून आधी मंत्रालयाचं संकेतस्थळ पाहा. तिथे नसेल तर अर्जात या परिपत्रकाचा उल्लेख करूनच मागा.

अर्जात काय लिहायचं

महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र 'अ' या ठरलेल्या नमुन्यात असतो. 2012 पासून नियम आहे की एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द. मी आता असं लिहितो:

"विषय: सौरऊर्जा प्रकल्प पाहणीसाठी विद्युत विभागाच्या अधिकाऱ्यांचे दौरे. कालावधी: 1 एप्रिल 2023 ते 31 मार्च 2025. आवश्यक माहितीचे वर्णन: प्रत्येक दौऱ्याच्या मंजुरीची टिपणी व आदेश, दौरा कार्यक्रम, प्रवास भत्ता देयके व सोबतची तिकिटे आणि पावत्या, लेखाशीर्ष नमूद असलेले प्रमाणक, दौऱ्यानंतर सादर केलेला अहवाल आणि त्या अहवालावरील पुढील टिपणी यांच्या साक्षांकित प्रती. अधिकाऱ्यांचे घरचे पत्ते व बँक खाते क्रमांक वगळावेत."

(लेखाशीर्ष म्हणजे खर्च कुठल्या खात्यावर टाकला ते, प्रमाणक म्हणजे त्या खर्चाचं व्हाउचर.) शेवटच्या वाक्याला फार महत्त्व आहे. दौऱ्याच्या खर्चाची माहिती नाकारताना बहुतेक वेळा कलम 8(1)(ञ), म्हणजे वैयक्तिक माहिती, पुढे केलं जातं. नोव्हेंबर 2025 पासून या कलमाची भाषा आणखी आखूड झाली आहे आणि त्यातला व्यापक जनहिताचा अपवाद निघाला आहे. तरी कलम 8(2) शाबूत आहे: जनहित जास्त असेल तर माहिती देता येते. आणि कलम 10 प्रमाणे खाजगी तेवढा भाग झाकून बाकीचा कागद देता येतो. आपणच ते आधी लिहून ठेवलं की नकाराला जागा कमी उरते.

अहवाल मागायला तर कधीच विसरू नका. "अहवाल अभिलेखात आढळून येत नाही" असं उत्तर आलं तरी ते सहीशिक्क्याचं असतं, आणि ते पुढे कुठेही दाखवता येतं.

शुल्क आणि कागदपत्रं

अर्जाला 10 रुपये. कोर्ट फी स्टॅम्प चिकटवा (ठाण्यात कोर्ट नाक्याच्या आसपास मिळतो) किंवा रोख भरून पावती घ्या. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने दाखल्याची प्रत जोडली की शुल्क माफ. प्रतींसाठी पानाला 2 रुपये. शंभर पानांचं बिल निघालं तर 200 रुपये. हे पैसे भरायला सांगितल्यापासून तुम्ही भरेपर्यंतचे दिवस उत्तराच्या 30 दिवसांच्या मुदतीत मोजले जात नाहीत, म्हणून पत्र येताच भरा. केंद्राच्या कार्यालयाला कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही, पोस्टल ऑर्डर लावा किंवा ऑनलाइन भरा. राज्याचंही ऑनलाइन पोर्टल आहे. तुमचं कार्यालय त्याच्या यादीत आहे का ते आधी बघा.

हातोहात देत असाल तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. कागद फार असतील तर प्रती मागण्याऐवजी अवलोकन, म्हणजे कार्यालयात बसून कागद पाहणं, मागा. 2018 च्या शासकीय परिपत्रकानुसार दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत अभिलेख बघायला मिळायला हवेत. जाण्याआधी तेवढं फोनवर विचारून घ्या.

उत्तर आलं नाही तर

30 दिवसांची मुदत संपली की गप्प बसणं हाच नकार धरला जातो, आणि मग प्रती फुकट द्याव्या लागतात, कलम 7(6). पुढच्या 30 दिवसांत त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करा, राज्याच्या कार्यालयात असेल तर जोडपत्र 'ब' मध्ये, 20 रुपयांचा स्टॅम्प लावून. निकाल 30, फार तर 45 दिवसांत यायला हवा. तिथेही काही झालं नाही तर 90 दिवसांत दुसरं अपील, राज्यासाठी जोडपत्र 'क' मध्ये, पुन्हा 20 रुपये. आपल्याकडच्या राज्य कार्यालयांसाठी ते राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे जातं, केंद्राचं असेल तर केंद्रीय माहिती आयोगाकडे. सोबत मूळ अर्ज, पोच, आलेलं उत्तर, पहिलं अपील आणि त्याचा आदेश जोडा. दोषी अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड होऊ शकतो.

प्रती हातात पडल्या की सगळ्यात आधी दौरा कार्यक्रम आणि तिकिटं शेजारी-शेजारी ठेवून तारखा जुळवा. मग अहवालावरची तारीख बघा.