स्टेम सेल काढणं आणि कार-टीसाठी पेशी काढणं: मशीन एकच, मग फरक कुठे?

‘मागच्या वर्षी पेशी काढून ठेवल्यात ना, मग परत कशाला?’ लिम्फोमाच्या (लिम्फ पेशींच्या कॅन्सरच्या) पेशंटला डॉक्टरांनी कार-टी, म्हणजे त्याच्याच टी पेशी बदलून कॅन्सरवर सोडण्याची थेरपी, सुचवली की घरचे हमखास असं विचारतात. त्यांचंही बरोबरच आहे. दोन्ही वेळा पेशंट त्याच अफेरेसिस मशीनला जोडलेला दिसतो. एका नळीतून रक्त बाहेर येतं, मशीनमध्ये गरगर फिरतं, लाल पेशी आणि प्लाझ्मा यांच्या मधला पातळ थर तेवढा पिशवीत जातो आणि बाकीचं रक्त परत अंगात. तीन-चार तास सहज जातात. रक्त गोठू नये म्हणून मिसळलेलं सायट्रेट कॅल्शियमला बांधून ठेवतं, त्यामुळे ओठांना मुंग्या येतात. (आल्या की लगेच सिस्टरना सांगा. ‘चालतंय’ म्हणून गप्प बसू नका.)

फरक पडतो तो आधीच्या आठवड्यात. स्टेम सेल म्हणजे रक्तपेशी तयार करणाऱ्या मूळ पेशी. त्यांचं घर हाडांतल्या मज्जेत. एरवी रक्तात त्या नावालाच सापडतात. म्हणून चार-पाच दिवस जी-सीएसएफची इंजेक्शनं देऊन त्यांना बाहेर काढतात. कंबर ठणकते ती त्यामुळेच. टी पेशी म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्या मुळातच रक्तात फिरत असतात, त्यांना बोलवावं लागत नाही. तिथे चिंता वेगळी: इतक्या केमोनंतर त्या पुरेशा उरल्यात का, आणि उरल्या त्यांच्यात दम आहे का? स्टेरॉइड टी पेशींना मारक, म्हणून ते काही दिवस आधी थांबवतात. बेंडामस्टिन हे केमोचं औषध नुकतंच दिलेलं असलं तरी टी पेशी दुबळ्या पडतात. म्हणून कार-टी मनात असेल तर पुढचं केमो ठरण्याआधीच विषय काढावा, असं मी तरी म्हणेन.

पिशवी भरल्यावर वाटा फुटतात. स्टेम सेल जशाच्या तशा गोठवून ठेवतात. मग जबर केमो देतात; कॅन्सरला मारतं ते केमो, पण त्यात मज्जाही जळते. राखलेल्या पेशी म्हणजे त्या जळल्या शेतासाठी ठेवलेलं बियाणं. टी पेशी मात्र कच्चा माल. प्रयोगशाळेत, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने, त्यांच्यात नवं जनुक घालतात. मग त्या कॅन्सरच्या पेशीवरची सीडी१९ ही खूण ओळखू लागतात. त्यांची संख्या वाढवून, तपासून परत द्यायला काही आठवडे लागतात. इथे पेशी हेच औषध. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ या थेरपीला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मंजुरी मिळाली; ही थेरपी याच जातीची.

मग फ्रीझरमधली जुनी पिशवी? ती टाकून द्यायला सांगू नका. कार-टीनंतर काही जणांच्या रक्तपेशी बराच काळ वर येत नाहीत. तेव्हा याच राखलेल्या स्टेम सेल कधीकधी कामी येतात.