गंगाजळी आधी, सही नंतर

कॅनडाच्या उत्तरेला ग्रेट स्लेव्ह लेक या विस्तीर्ण सरोवराच्या पूर्व टोकाशी लुत्सेल के नावाचं डेने या आदिवासी लोकांचं गाव आहे. वस्ती काही शेकड्यांची, आणि बाहेरून यायला रस्ताच नाही. विमानानं, होडीनं, नाहीतर हिवाळ्यात बर्फावरच्या स्नोमोबाइलनं यायचं. उत्तरेतल्या आदिवासी भूमिरक्षणाला दीर्घ मुदतीचा पैसा कसा मिळू लागला, याची गोष्ट या गावाच्या एका नकारापासून सुरू करावी लागते.

1969 च्या सुमारास केंद्र सरकारला इथे राष्ट्रीय उद्यान करायचं होतं. त्यासाठी गावाचे प्रमुख पिएर कॅथोलिक यांची सही हवी होती. त्यांनी ती दिली नाही. त्यांच्या नकारामागचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही. 1922 मध्ये रानबैलांसाठी वुड बफेलो उद्यान झालं तेव्हा शिकारीवर जगणाऱ्या तिथल्याच लोकांवर निर्बंध आले होते. उद्यान म्हणजे आपल्यालाच कुंपणाबाहेर काढणं, हा धडा उत्तरेनं तेव्हा घेतला होता. तरी 1970 मध्ये सरकारनं लुत्सेल केच्या परिसरातली जमीन उद्यानासाठी राखून ठेवलीच. पुढे तीसेक वर्षं प्रकरण तसंच पडून राहिलं.

दरम्यान 1991 मध्ये सरोवराच्या उत्तरेकडच्या भागात हिरे सापडले आणि खाणवाल्यांची रीघ लागली. मग गावानंच उद्यानाचा विषय पुन्हा काढला, पण आपल्या अटींवर. 2008 पासून ‘नी हातनी डेने’ हे गावाचे स्वतःचे राखणदार सरोवरावर गस्त घालू लागले. पाण्याची तपासणी, प्राण्यांच्या नोंदी, पाहुण्यांची विचारपूस, पोरांना जुन्या वाटा दाखवणं, अशी सगळी कामं ते करत. अडचण पगाराची होती. अशी कामं बहुधा वर्षावर्षाच्या अनुदानावर चालतात, आणि कॅनडाचं सरकारी वर्षही आपल्यासारखंच 31 मार्चला संपतं. मार्चअखेरची धावपळ ज्यानं पाहिली आहे, त्याला बाकी सांगायला नको.

उपाय साधा होता, पण मिळवायला वर्षं लागली: उद्यानाच्या सीमा आणि राखणीचा पैसा यांची बोलणी एकाच बैठकीत करायची. याचा एक नमुना पॅसिफिक किनाऱ्यावर होता. ग्रेट बेअर वर्षावनासाठी 2007 मध्ये 12 कोटी डॉलर उभे राहिले होते. निम्मे खासगी दात्यांचे, उरलेले केंद्र आणि प्रांताचे. त्यातला एक वाटा कायम गुंतवून ठेवायचा आणि परताव्यावर राखण चालवायची, असं ठरलं. लुत्सेल केच्या वतीनं मुख्य वाटाघाटी करणारे स्टीव्हन नीटा यांच्या गटानं हाच धागा धरला. ऑगस्ट 2019 मध्ये थायडेने नेने, म्हणजे ‘पूर्वजांची भूमी’, या 26,376 चौरस किलोमीटर क्षेत्राचा करार झाला. गोव्याच्या सातपट मोठं हे क्षेत्र. सोबत 3 कोटी डॉलरचा विश्वस्त निधी आला, दीड कोटी सरकारचे आणि दीड कोटी देणगीदारांचे. मुद्दलाला हात लावायचा नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या नकाराची किंमत म्हणायची तर ती ही, आणि माझ्या मते ती वसूल झाली.

एका गावाला जमलं ते प्रदेशाच्या पातळीवर नेताना ब्राझीलचा अनुभव उपयोगी पडला. 2014 मध्ये ॲमेझॉनच्या संरक्षित क्षेत्रांसाठी तिथे जी रीत वापरली गेली, तिचा नेम असा: एकूण खर्च आधी मांडायचा, सगळ्यांची वचनं गोळा करायची आणि पूर्ण रक्कम जमेपर्यंत कोणीच सही करायची नाही. अर्धवट पैशावर कामाला लागून मध्येच अडकायचं, हा प्रकार त्यामुळे टळतो.

डिसेंबर 2022 मध्ये माँट्रियलच्या जैवविविधता परिषदेच्या वेळी पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी अशा चार प्रकल्पांना सात वर्षांत 80 कोटी डॉलरपर्यंत देण्याचं जाहीर केलं. त्यातला पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या ग्रेट बेअर सागराचा करार 2024 च्या उन्हाळ्यात झाला: केंद्राचे 20, प्रांताचे 6, दात्यांचे साडेसात, मिळून 33.5 कोटी. नोव्हेंबरात लुत्सेल के ज्यात येतं त्या वायव्य प्रदेशांचा, 37.5 कोटींचा. फेब्रुवारी 2025 मध्ये आर्क्टिकमधल्या नुनावुत प्रदेशाच्या किकिक्तानी भागातल्या इनुइट आदिवासींचा, 27 कोटींचा.

आकडे मोठे दिसतात, पण सरकारी घोषणा सात वर्षांची होती, आणि सात वर्षं म्हणजे ‘कायम’ नव्हे. त्या मानानं लुत्सेल केचे 3 कोटी लहान असले, तरी त्यांच्यावर मुदत नाही.